पाचव्या सवाष्णीचे पाय

१४ जुलै, सोमवार

पेडिक्युअरची खुर्ची आली एकदाची. जठारपेठेत आमच्या गल्लीत असली खुर्ची कोणाकडे नाही, म्हणून सकाळपासून जी ती बाई नुसती बसून पाहायला येऊन राहिली. दीपमालाताई म्हणाल्या, तिकीट लावा. त्या माझ्याकडे थ्रेडिंग करतात. पार्लर माझं असलं तरी हुकूम त्यांचाच चालतो.

नागपूरच्या कोर्सला मॅडमनी एकच गोष्ट डोक्यात ठोकून ठोकून बसवली होती. आधी नख पाहायचं, मग पाण्याला हात लावायचा. नख पिवळं, जाड, भुरभुरलेलं दिसलं, कडेनं उचललेलं दिसलं, बोट सुजलेलं दिसलं, की टब नाही, कटर नाही, सरळ डॉक्टरकडे पाठवायचं. नाहीतर एकीची बुरशी दुसरीला आणि दुसरीची तिसरीला. मी लाल अक्षरात पाटीच लिहून घेतली : 'नखाला बुरशी असल्यास पेडिक्युअर केले जाणार नाही.' किशोर म्हणाला, ही पार्लरची पाटी आहे का विजेच्या डीपीवरची? नवरा आहे, बोलणारच.

पण जीव थाऱ्यावर नाही. हे चाललं नाही तर इथे अकोल्यात सासरचे आणि तिकडे अमरावतीत माहेरचे, दोन्हीकडचे लोक 'आम्ही सांगितलं होतं' म्हणायला तयारच बसलेत.

१९ जुलै

आज पहिलं गिऱ्हाईक परत पाठवलं. कॉलेजची पोरगी. खोटी नखं चिकटवून आलेली, काढून पाहिलं तर खाली अंगठ्याच्या नखाचा पार चुरा. नाक दाबून धरावं असा वास. मी सरळ सांगितलं, बाई, डॉक्टरकडे जा.

जेवताना सगळ्यांना करून दाखवलं, ती कशी आली, मी कसं नाक मुरडलं. किशोर आणि त्याचे बाबा पोट धरून हसले. आईंना मात्र काही हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, मग त्या पोरीचं काय केलं? म्हटलं, काय करणार, परत पाठवलं. त्यावर त्या ताटावरून उठल्या. अर्धी भाकर तशीच. सासूला सुनेचा विनोद कधी आवडला आहे का?

२३ जुलै

कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. मी म्हटलं, वरचा थर काढून टाकू, खालचं चांगलं असेल. आईंनी बरणीच उचलली. "एक फोड नासली की सगळं नासते. बुरशी लागलेलं घरात ठेवायचं नाई." ही बाई गावाकडे एवढं शेत सांभाळून आलेली, एक फोड वाया जाऊ देत नाही, आणि आज आख्खी बरणी मागच्या उकिरड्यावर ओतून आली. येताना मात्र दारातच थांबली. मला वाटलं लोणच्याचं वाईट वाटलं.

वर मलाच विचारतात, तुमच्या पार्लरात म्हणतात ते हेच का, बुरशी? म्हटलं, हो, हेच. दुसरं काय असणार.

२८ जुलै

श्रावणातला पहिला सोमवार. आई राजेश्वराला गेल्या नाहीत. गावाहून इथे राहायला आल्यापासून एक श्रावण सोमवार चुकवला नव्हता त्यांनी. म्हणाल्या, गर्दीत चपला चोरीला जातात. चपलेपायी कोणी देव सोडतं का?

त्याऐवजी घरी बसून पायाच्या नखांना मेंदी लावली. पाल्याची, वाटून, चांगली दाट. या महिन्यातली दुसरी वेळ. दीपमालाताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, असू द्या की, म्हातारपणी हौस येते. मला काय, करा हौस. पण मेंदी लावायला मी दहा वेळा म्हटलं, आई, मी लावून देते, पार्लरवाली सून आहे तुमची. तर पाय लुगड्यात ओढून घेतले. आपल्या हातचं काही चालत नाही त्यांना, हेच खरं.

२ ऑगस्ट, शनिवार

नेहमी लिहिताना शाळेतली मराठी येते, पण चिडली की घरची येते, आज कोणती येईल माहीत नाही.

चारुशीलाताई आल्या होत्या. वकीलसाहेबांच्या मिसेस, महिला मंडळाच्या अध्यक्ष, आईंच्या भजनातल्या मैत्रीण. दर वर्षी महालक्ष्म्यांना आमच्या घरी सवाष्ण म्हणून जेवायला येतात. त्यांना पेडिक्युअर आवडलं की अर्धं मंडळ माझ्या खुर्चीत, असा माझा हिशोब. पार्लर भरलेलं. मी त्यांचं नेलपॉलिश काढलं, आणि खाली अंगठ्याचं नख हे एवढं जाड, हळदीसारखं पिवळं. तोंडातून निघूनच गेलं, आणि तेही माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे चौकात ऐकू जाईल अशा. "ताई, तुमच्या नखाला बुरशी आहे. आमच्या टबमध्ये चालणार नाही."

सगळ्या बायकांच्या माना वळल्या. एक तर चक्क वाकून पाहत होती. चारुशीलाताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाटीकडे पाहिलं. सँडलचा पट्टा न लावताच गेल्या.

मी चूक काय केलं? नियम म्हणजे नियम. वकिलाच्या बायकोची बुरशी काय वेगळी असते? काहून मी मान खाली घालू? पण दुपारपासून एका जागी बसवत नाही. दोनदा टब घासला, वापरला नसताना.

घरी आईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळ्यांदेखत सांगतलं?"

म्हटलं, पार्लर आहे, देवघर थोडी आहे.

६ ऑगस्ट

तीन अपॉइंटमेंट रद्द. मंडळात चर्चा झाली म्हणे की मी चारुशीलाताईंना रोग आहे असं म्हणाले. रोग हा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही. आता त्यांच्या हातचं तीर्थ घ्यायला एक बाई कचरली, असंही ऐकलं. लोकही ना.

त्यात डेटॉलची मोठी बाटली गायब. मी घरी कपाटात ठेवते आणि लागेल तसं आम्ही दोघी पार्लरमध्ये नेतो. दीपमालाताईंना विचारलं, तुम्ही नेली का घरी? झालं. त्यांनी एप्रन काढून खुर्चीवर टाकला. "प्रणालीताई, मी गरीब आहे, चोर नाई." समजूत काढता काढता नाकी नऊ आले. पण मग बाटली गेली कुठे? ती काही कोणी पिणार नाही.

१० ऑगस्ट

राखीला अमरावतीला जाऊन आले. उद्धवदादाकडे एक दिवस बरं वाटलं. आमची आई म्हणाली, तुझ्या सासूबाईंचा फोन आला होता, अमरावतीत साखरेचा चांगला डॉक्टर कोणता म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, अगं, अकोल्यात काय डॉक्टर मेले? त्यांच्या शुगरच्या गोळ्या किशोर नेमानं आणतो. आई म्हणाली, तेच तर, प्रणालीला सांगू नका म्हणाल्या.

म्हणजे पाहा. सुनेच्या गावचा डॉक्टर चालतो, सून चालत नाही. मला इतका राग आला की येताना बसमध्ये ठरवलं, मीही विचारणार नाही. सांगायचं असेल तर सांगतील.

१६ ऑगस्ट

आईंच्या डाव्या पायात जोडवं नाही. त्यांचे पाय म्हणजे लुगड्याच्या काठाखाली असतात कायम, आज त्या पाटावर चढून दिव्याची वात नीट करत होत्या म्हणून दिसलं. म्हटलं, आई, जोडवं? म्हणाल्या, झिजलं होतं, सोनाराकडे टाकलं. मी म्हटलं, आणते मी, कोणत्या सोनाराकडे? तर म्हणाल्या, येईल, आणतील तुझे सासरे.

बाबांना विचारलं, त्यांना काही माहीतच नाही. ज्या बाईनं बाळंतपणातही जोडवी काढली नाहीत असं सांगून सांगून मला पिडलं, ती अशी उघड्या बोटांनी फिरते. मी काढली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

आज पार्लरमध्ये दोनच गिऱ्हाइकं. खुर्चीवर ओढणी टाकून ठेवली आहे. उघडी पाहवत नाही.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. बाबा सकाळपासून उदास. गावाकडे असते तर आज खांदशेकणी, बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकायचे. चहा पिता पिता सांगत होते, जोडीतला सर्जा आडदांड होता, पण खांदा सुजला की हात लावू द्यायचा नाही. "मंग म्या आधी त्यालेच घ्यायचो. ज्याच्या खांद्याले सूज, त्याचा नंबर पयला."

आई उठून आत गेल्या, खोलीचं दार लावून घेतलं. त्यांनाही गावाची आठवण आली असेल. मी चहाचे कप विसळले.

३० ऑगस्ट

उद्या महालक्ष्म्या येतील, परवा जेवण. मखर, फुलोरा, सोळा भाज्यांची धावपळ. आई चालताना जरा लंगडतात, पण विचारलं की म्हणतात, गुडघा. गुडघा असेल.

पाच सवाष्णी ठरल्यात. आईंनी चारुशीलाताईंना स्वतः फोन केला, सुनेच्या वतीनं माफीही मागितली. मला न विचारता. मी ऐकत होते दाराआड. वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही. आता त्या आल्या की सगळं मिटेल. सवाष्णींचे पाय मीच धुणार आहे, त्यांचेही. मी मनाशी ठरवलं आहे की त्या अंगठ्याकडे पाहणारसुद्धा नाही.

खरं तर गंमतच. पार्लरमध्ये एकीचं पाणी दुसरीला लावत नाही आणि घरी एकाच परातीत पाच जणींचे पाय. किशोरला म्हटलं तर म्हणाला, तिथे पाटी लाव आता. या वेळी हसू आलं नाही.

२ सप्टेंबर, सकाळ, दवाखान्यात

आई झोपल्या आहेत. कालचं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

काल बारा वाजता महालक्ष्म्यांची आरती झाली. पानं मांडली. चार सवाष्णी आल्या, पाचवी येईना. मग चारुशीलाताईंच्या सूनबाईनं फोनवर निरोप वाचून दाखवला, बिचारी कशीबशी वाचत होती. "ज्या घराला माझे पाय चालत नाहीत, त्या घराच्या परातीत ते कशाला ठेवू?"

पुरण गार होत चाललेलं. चौघी एकमेकींकडे पाहून राहिल्या. ऐन वेळी सवाष्ण आणायची कुठून? मग त्यांच्यातलीच एक म्हणाली, अहो, घरातच तर आहे सवाष्ण. सुभद्राबाईच बसतील. सगळ्यांनी हो हो केलं. मलाही वाटलं, वा, हे तर सोपं झालं.

आई म्हणाल्या, नाही. वाढायचं कोण पाहील? मी पाहते म्हटलं. म्हणाल्या, घरची बाई सवाष्ण बसत नाही. कोणी म्हणालं, आमच्याकडे बसते. मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं, चारुशीलाताई आल्या नाहीत त्याचा राग माझ्यावर काढून राहिल्या. चिडलेच मी. त्यांना हाताला धरून पाटावर बसवलं, परात ओढली आणि उजवा पाय धुतला. डावा द्या म्हटलं तर देईनात. मी वाकून ओढला.

मेंदी पाण्यानं सुटली नाही, पण बोट सुटलं. म्हणजे लुगड्याच्या काठातून बाहेर आलं. अंगठ्याजवळचं, जोडव्याचं. जोडव्याच्या जागी खोल वळ होता. नख मेंदीनं लालभडक आणि खालून उचललेलं. त्याखाली आणि शेंड्याला काळं. मेंदीचं नाही, दुसरं काळं. वास आला. डेटॉलचा, आणि त्याच्या खालचा.

माझ्या तोंडाला कुलूप लागलं. आयुष्यात पहिल्यांदा. मागे चौघी बसलेल्या. मी खांद्यावरचा टॉवेल त्या पायावर टाकला, जसं काही पुसतेच आहे, आणि हळदीकुंकू उजव्याच पायाला लावलं. मग अगदी हळू विचारलं, किती दिवसांपासून?

"पोह्याएवढं काळं होतं आखाडात."

सांगितलं का नाही मला? मी रोज हेच पाहते ना, आई?

"म्हूनच." माझ्याकडे न पाहता बोलल्या. "तू परत पाठवते ना असल्या पायांले. मी कुठं गेली असती?"

परात उचलून मोरीवर नेली आणि तिथे नळ सोडून रडले. नळाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. लोणचं, मेंदी, डेटॉल, अमरावतीचा डॉक्टर, सगळं माझ्या नाकासमोर होतं. बायकांची नखं पाहायचा कोर्स केलेली मी.

बायका जेवून गेल्यावर खरी लढाई. डॉक्टरांना फोन केला, फोटो पाठवला, ते म्हणाले आजच्या आज आणा. आई म्हणतात, महालक्ष्म्या उद्या उठतील, त्याबिगर उंबरठा ओलांडणार नाई. दुखतही नाही म्हणाल्या, दुखलं असतं तर सांगितलं असतं. शुगरवाल्याला दुखत नाही हीच तर भीती, मी ओरडून सांगितलं, किशोरनं विनवलं. काही नाही. त्या महालक्ष्म्यांसमोर बसून राहिल्या.

शेवटी बाबा उठले. आमचे बाबा, ज्यांनी कधी स्वतःचा पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही. बाहेरून आईंच्या चपला हातात घेऊन आले, त्यांच्या पायाजवळ सरळ मांडून ठेवल्या आणि म्हणाले, "चाल सुभद्रे." आई चपलांकडे पाहत बसल्या. मग उठल्या.

३ सप्टेंबर

बोट काढावं लागलं. हाडापर्यंत गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, बोटावर निभावलं, अजून उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं. किशोर मला म्हणतो, तू पाय ओढला म्हणून वाचलं. मला ते ऐकवत नाही. मी जेवताना नाक मुरडून दाखवत होते, तेव्हा याच घरात, याच टेबलाखाली तो पाय होता.

शुद्धीवर आल्यावर आईंनी सगळ्यात आधी विचारलं, महालक्ष्म्या नीट उठवल्या का? अंबील कोणी वाटली? म्हटलं, दीपमालाताईंनी सगळं केलं. काल सकाळी त्यांच्या घरी जाऊन हात जोडले होते मी, बाटलीबद्दल. त्या म्हणाल्या, ते मागून पाहू, आधी घराची किल्ली द्या.

११ सप्टेंबर

चारुशीलाताई आईंना भेटायला घरी आल्या. मी चहा दिला आणि उभ्या उभ्याच माफी मागितली. त्यांनी कप ठेवला. त्या स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यात, सहा-आठ महिने गोळ्या घ्यायच्या आहेत. म्हणाल्या, "नियम बरोबर होता तुझा. आवाज चुकला. मी त्याच दिवशी दवाखान्यात जाणार होते, पण लाजेनं पंधरा दिवस चपलाच काढल्या नाहीत."

राग गेला का विचारायची हिंमत झाली नाही. जाताना आईंच्या पट्टीला हात लावून गेल्या.

लाल पाटी उतरवली. नवी दीपमालाताईंच्या अक्षरात आहे : 'नखाला काही झालं असेल तर आधी मला एकटीला दाखवा.' टबला मी अजूनही तसले पाय लावू देत नाही, ते चूक नाही. पण आता आत पडद्यामागे बसवते, पाणी देते, आणि सोबत कोणी नसेल तर डॉक्टरकडे मीच जाते. दीपमालाताई म्हणतात, पार्लर आहे का धर्मशाळा? म्हणू देत.

२२ ऑक्टोबर, पाडवा

जखम कोरडी झाली. डॉक्टरांनी आता चालायला सांगितलं आहे, मऊ चप्पल घालून.

आज पार्लर बंद होतं. आई म्हणाल्या, मला एकदा तुझी खुर्ची पाहायची आहे. किशोरनं गाडीवरून आणून सोडलं. शटर अर्धं खाली ठेवलं आणि त्यांना बसवलं. खुर्ची मागे झुकली तशा घाबरल्या, दोन्ही हातांनी धरून बसल्या, म्हणाल्या, "बाप्पा, हे तं झोपवतेच माणसाले." टबला नवं प्लास्टिक लावलं, कोमट पाणी हाताच्या कोपरानं दहादा पाहिलं, त्यांना पायाला कळत नाही ना. फक्त उजवा पाय पाण्यात. डावा मांडीवर घेऊन ओल्या कापसानं पुसला, जिथे बोट होतं ती जागासुद्धा. त्या बाहेर पाहत राहिल्या.

मग पदराची गाठ सोडली. आत जोडवं. सोनाराकडे वगैरे कुठे गेलंच नव्हतं, त्यांच्याजवळच होतं, आखाडापासून. माझ्या तळहातावर ठेवलं.

मी विचारलं, "आई, कोणत्या बोटात घालू?"

"जे राह्यलं त्यात घाल."

तिसऱ्या बोटात सैल होत होतं, दाबून बसवलं. टोचत नाही ना म्हणून कडेनं बोट फिरवलं, मग नख पाहिलं, स्वच्छ होतं. आईंनी मग पाण्यातला दुसरा पाय आपणच उचलला आणि माझ्यापुढे केला.